गावच्या नाटकाचा पडदा कोण ओढतं? मे महिन्यातल्या रंगमंचामागच्या पोरांचं काम समजून घ्या

गावातल्या किंवा सोसायटीतल्या दोन तासांच्या नाटकात रंगमंचावर आठ-दहा जण दिसत असतील, तर न दिसणारेही जवळपास तेवढेच असतात. कुणी पडदा ओढतं, कुणी लॅपटॉपवर पार्श्वसंगीत लावतं, कुणी विंगेत तलवार आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभं असतं, कुणी शेवटच्या क्षणी राजाच्या धोतराला पिना लावतं. व्यावसायिक नाटकात या कामांसाठी माणसं नेमलेली असतात. हौशी नाटकात, त्यातही उन्हाळ्याच्या सुट्टीत होणाऱ्या नाटकात, ही कामं बहुतेक वेळा पंधरा ते बावीस वर्षांची मुलं-मुली करतात. बिनपगारी.

"हौस आहे म्हणून करतात" असं त्याबद्दल सर्रास म्हटलं जातं आणि ते खरंच आहे. पण ते काम किती आहे, किती जोखमीचं आहे आणि त्यासाठी काही नियम आहेत का, हे प्रश्न फारसे विचारले जात नाहीत.

मे महिनाच का?

कारण सगळे तेव्हाच मोकळे असतात. शाळांना जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी (विदर्भात आणखी थोडे दिवस). बारावीची बोर्डाची परीक्षा आटोपलेली, निकाल लागायचा असतो. शेतात मृगाच्या पेरणीआधीची सवड. आणि कोकणात मुंबईहून चाकरमानी गावी आलेले, म्हणजे कलाकार आणि प्रेक्षक दोन्ही हजर. देवळाच्या सभामंडपात रात्री तालमी होतात आणि पाऊस येण्याआधी उघड्या मैदानावर प्रयोग उरकतो.

शहरात याचं रूप वेगळं. तिथे सुट्टी म्हणजे बालनाट्याचा हंगाम. याला जुनी परंपरा आहे. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ साली 'मधुमंजिरी' रंगमंचावर आलं. लेखक होते रत्नाकर मतकरी. पुढे मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. लहान मुलांसाठीचं नाटकही नेपथ्य, प्रकाश आणि वेशभूषेसह पूर्ण तयारीनं व्हायला हवं, हा आग्रह या लोकांनी रुजवला. आज मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमध्ये उन्हाळी नाट्यशिबिरं भरतात. शेवटच्या दिवशी शिबिरातल्या मुलांचं नाटक असतं आणि ते उभं करण्यात आदल्या काही वर्षांत त्याच शिबिरात लहान म्हणून आलेले 'ताई-दादा' पुढे असतात.

गाव असो की शहर, एक गोष्ट सारखी. संहिता निवडायला आणि भूमिका वाटायला खूप चर्चा होते. रंगमंचामागे कोण असेल, हे मात्र शेवटच्या आठवड्यात ठरतं. ज्याला भूमिका मिळाली नाही, तो मागे. ही वाटणीच मुळात चुकीची आहे, कारण मागच्या कामाला वेगळ्या स्वभावाची माणसं लागतात.

ही पोरं नेमकं करतात काय?

सगळ्यात कमी माहिती असलेलं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे रंगमंच व्यवस्थापकाचं. तालमीत दिग्दर्शक बॉस असतो, पण तिसरी घंटा झाली की प्रयोग व्यवस्थापकाच्या ताब्यात जातो. त्याच्या (किंवा तिच्या) हातात संहितेची एक खास प्रत असते. कोणत्या वाक्याला दिवा मंद होणार, कोणत्या शब्दावर दाराची बेल वाजणार, कोण कुठल्या विंगेतून येणार, हे सगळं त्यात समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. पेन्सिलीनं, कारण रंगीत तालमीपर्यंत ते बदलतच राहतं.

या खुणांना 'क्यू' म्हणतात. क्यू देण्याची पद्धत साधी असते. थोडं आधी "तयार राहा" आणि नेमक्या क्षणी "दे". मधलं "दे का? देऊ का? थांब थांब" हे सगळं प्रेक्षकांना ऐकू जातं, हे प्रत्येक हौशी संघ एकदा तरी अनुभवतो.

दुसरं काम प्रॉपर्टीचं. रंगमंचावर वापरली जाणारी प्रत्येक सुटी वस्तू म्हणजे प्रॉपर्टी. पत्र, चष्मा, चहाचे कप, पिस्तूल. अनुभवी मुलं विंगेत एक टेबल लावतात, त्यावर पांढरा कागद चिकटवतात आणि प्रत्येक वस्तूसाठी चौकोन आखून आत तिचं नाव लिहितात. वस्तू वापरून झाली की पुन्हा त्याच चौकोनात. प्रयोगाआधी नजर टाकली की कुठला चौकोन रिकामा आहे ते लगेच कळतं. खर्च शून्य, पण नाटकातलं पत्र ऐनवेळी सापडत नाही म्हणून नायिकेला हवेतलं पत्र वाचावं लागण्याची वेळ याच कागदामुळे टळते.

मग प्रवेश बदलणं. दिवे पूर्ण मालवल्यावर अंधारात सोफा बाहेर आणि झोपाळा आत. हे पंधरा-वीस सेकंदांत करायचं असेल, तर कोण काय उचलणार, कुठून जाणार आणि येणार हे ठरलेलं लागतं. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा लागतात, म्हणजे सोफा दर वेळी त्याच जागी बसतो आणि कलाकाराच्या तोंडावर प्रकाश पडतो. या बदलाची तालीम वेगळी घ्यावी लागते, कलाकारांशिवाय, आधी उजेडात आणि मग अंधारात. बहुतेक संघ ती घेत नाहीत. मग प्रयोगाच्या दिवशी कुणाचा तरी अंगठा लेव्हलच्या खाली येतो.

ध्वनी, रंगभूषा, कपडेपट, तिकीट किंवा पासची खिडकी, पाहुण्यांच्या खुर्च्या, मध्यंतरातले वडे अशी कामांची यादी पुढे चालूच राहते. वडे महत्त्वाचे आहेत, पण त्यासाठी माणसं आपोआप मिळतात.

खरी भीती कशाची? विजेची

उन्हाळी नाटकात सगळ्यात जास्त काळजी घ्यायची आणि सगळ्यात कमी घेतली जाणारी गोष्ट म्हणजे वीज. गणित सोपं आहे.

भाड्यानं मिळणारे जुन्या पद्धतीचे हॅलोजन दिवे अनेकदा एक हजार वॅटचे असतात. असे १२ दिवे लावले तर १२ हजार वॅट झाले. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट. म्हणजे सगळे दिवे एकदम लागले की सुमारे ५२ अँपिअर प्रवाह खेचला जातो. घरातला गिझरचा मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा. त्यावर फार तर तीन दिवे चालतील. देवळाच्या किंवा शेजारच्या घराच्या मीटरवरून एकच वायर ओढून सगळा रंगमंच उजळवायचा प्रयत्न केला, की वायर तापते, तिचं आवरण वितळतं आणि खाली असतो सुक्या कापडाचा पडदा.

एलईडी दिव्यांनी हे गणित बरंच सुसह्य केलं आहे. हौशी संघ भाड्यानं आणतात ते एलईडी दिवे साधारण दीडशे-दोनशे वॅटच्या आसपास असतात. तसे १२ दिवे मिळून २,४०० वॅटच्या आत बसतात. दिवे ठरवताना किती वॅटचे आहेत हा एक प्रश्न विचारला, तर अर्धी काळजी तिथेच मिटते.

उरलेली अर्धी अशी:

तारेवर आकडा टाकून वीज घेणं हा विद्युत कायदा, २००३ नुसार गुन्हा आहे, शिवाय त्यात कुठलंच संरक्षण नसतं. कार्यक्रमासाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेता येते. जोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमननं करावं, बारावी सायन्सच्या मुलानं नाही, तो कितीही हुशार असला तरी. मुख्य स्विचजवळ ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी बसवलेलं असावं. माणसाच्या अंगातून प्रवाह जमिनीकडे जाऊ लागला, तर ते क्षणार्धात वीज तोडतं. शिडीवर चढून दिवा फिरवायचा असेल तर आधी त्या दिव्याची वीज बंद करायची आणि खाली एकानं शिडी धरायची. अॅल्युमिनियमची शिडी विजेच्या कामाला वापरायचीच नाही, कारण ती वीजवाहक असते. टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लॅम्पशिवाय एक सुरक्षा-साखळी हवी, कारण क्लॅम्प सैल झाला तर तो गरम लोखंडी डबा कलाकाराच्या डोक्यावर येतो.

आणि वळीव. मे महिन्यातला संध्याकाळचा पाऊस सांगून येत नाही. उघड्या मैदानावर जमिनीवरून गेलेल्या वायरींचे जोड पाण्यात आले तर काय होईल, हे सांगायची गरज नाही. जोड जमिनीपासून उचलून विटांवर ठेवणं, ताडपत्री आधीच घडी करून जवळ ठेवणं आणि "पहिला थेंब पडला की मेन स्विच बंद" हे कुणी करायचं ते नावानिशी ठरवणं, ही तयारी नारळ फोडण्याआधीची आहे. प्रयोग थांबला तर लोक कुरकुरतील. कुरकुरू देत.

आगीचा विषय निघाला की कोल्हापूर आठवतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झालं. कोल्हापूरकरांनी अश्रू ढाळत ते पाहिलं. नाट्यगृहात लाकूड, कापड, रंग आणि वायरिंग एका जागी असतं, त्यामुळे आग पसरायला वेळ लागत नाही. गावच्या तात्पुरत्या मांडवात तर बांबू आणि कापडच असतं. विजेच्या आगीवर पाणी मारायचं नाही, कोरड्या पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साईडचं अग्निशामक वापरायचं, हे विंगेतल्या प्रत्येक पोराला माहीत हवं. ते कसं चालवायचं हेही.

उकाड्याचं काय?

रंगमंचामागे हवा खेळत नाही, दिव्यांची धग असते आणि अंगावर जरीचे किंवा फरचे कपडे. २०१९ च्या उन्हाळ्यात सांगलीत 'अलबत्या गलबत्या'च्या प्रयोगात चेटकिणीची भूमिका करणारे वैभव मांगले उकाड्यामुळे रंगमंचावरच भोवळ येऊन पडले होते. हे अनुभवी व्यावसायिक नटाच्या बाबतीत झालं. अस्वलाच्या पोशाखातल्या नऊ वर्षांच्या मुलाचा विचार करा. विंगेत पाणी, मीठ-साखरेचं पाणी, एक पंखा आणि "तुला बरं वाटतंय ना?" एवढंच विचारायला एक जण. हे काम हमखास कुणाकडेच दिलेलं नसतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावणं कायद्यात बसतं का?

थोडक्यात उत्तर: हौशी नाटकात मदत करणं बेकायदा नाही, पण मोठ्यांची जबाबदारी संपत नाही.

बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही. अपवाद दोन. शाळेची वेळ सोडून घरच्या कामात मदत आणि कलाकार म्हणून काम. दुसऱ्या अपवादासाठी २०१७ च्या नियमांत अटी आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. दर पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती. मुलाच्या मनाविरुद्ध सहभाग नाही. मोबदला मिळत असेल तर किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत.

लक्षात घ्या, हा अपवाद कलाकारांसाठी आहे. शिडीवर चढून दिवे बांधणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलासाठी नाही. गावच्या बिनतिकिटाच्या नाटकात कुणी कुणाला नोकरीवर ठेवत नाही, त्यामुळे हे नियम तिथे जसेच्या तसे लागू होतीलच असं नाही. पण तासांचं, विश्रांतीचं आणि पाच मुलांमागे एका मोठ्या माणसाचं माप म्हणून ते उत्तम आहेत, आणि पाळायला एक पैसाही लागत नाही. रंगीत तालीम पहाटे तीनपर्यंत चालणं ही अनेक संघांना अभिमानाची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ते नियोजन फसल्याचं लक्षण असतं, आणि झोप न झालेलं पोरच दुसऱ्या दिवशी शिडीवर असतं.

वेळेबद्दल आणखी एक. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. साऊंडच्या टेबलावर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला पोलिसांशी बोलायला लावण्यापेक्षा परवानगीचा कागद मंडळाच्या मोठ्या माणसाच्या खिशात असलेला बरा.

आणि अवघड विषय. तालमी रात्रीच्या असतात, कपडे बदलायला जागा अपुरी असते, लहान मुलं आणि मोठी माणसं एकाच खोलीत असतात. मुलामुलींसाठी कपडे बदलायची स्वतंत्र, दार बंद होणारी जागा हवी. अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला कुणी त्रास दिल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "गावातलं गावात मिटवू" हा पर्याय कायद्यात नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. हा आकडा तालमीच्या जागी भिंतीवर लावून ठेवता येतो.

मुली कपडेपटावर, मुलं दिव्यांवर?

ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणी ठरवली असं वाटतच नाही. इस्त्री, साड्या, केसांच्या पिना, मेकअप मुलींकडे. दिवे, साऊंड, नेपथ्य मुलांकडे. यात दोन्ही बाजूंचं नुकसान आहे. दिव्यांचा बोर्ड चालवायला ताकद लागत नाही, लक्ष लागतं. आणि नऊवारी नेसवणं हे कौशल्य मुलग्याला आलं तर प्रवेशांच्या मधल्या दीड मिनिटात नटाची वेशभूषा बदलताना विंगेत दोन हात जास्त मिळतात.

मुलींच्या बाबतीत खरी अडचण अनेकदा घरून असते. रात्री अकराला घरी कोण सोडणार? नाटकात भूमिका असेल तर घरचे ऐकतात, कारण नाव होतं. "मागे काम आहे" म्हटलं की "मग तुझं तिथे काय अडलंय?" असा प्रश्न येतो. तालमीची संपायची वेळ आधी कळवणं आणि सोडायची जबाबदारी संघानं घेणं, एवढ्यानं अनेक घरांतला नकार सैल होतो.

पैसे? नाव?

व्यावसायिक मराठी रंगभूमीवर कलाकार आणि पडद्यामागचे कामगार यांना प्रयोगागणिक मिळणाऱ्या मोबदल्याला 'नाईट' म्हणतात. प्रयोग झाला तर नाईट, नाही तर नाही. कोरोनाकाळात मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली आणि ती २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडायला परवानगी मिळाली. मधले काही महिने नियमांसह सुरू झालेले प्रयोग सोडले तर नाईटवर जगणाऱ्यांचं काय झालं, हे वेगळं सांगायला नको. या कामावर घरं चालतात, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

हौशी नाटकात नाईट नसते. वर्गणी, देणगी आणि स्मरणिकेतल्या जाहिरातींतून जमा झालेले पैसे मांडव, दिवे आणि साऊंडमध्ये संपतात. पोरांना चहा-वडापाव मिळतो. त्यात गैर काही नाही, सगळेच बिनपगारी असतील तर. पण दिग्दर्शक बाहेरून मानधन देऊन आणलेला असेल, तिकिटं विकली जात असतील आणि दिवसभर राबणाऱ्या मुलाला घरी जायचं रिक्षाभाडंही स्वतःच्या खिशातून द्यावं लागत असेल, तर ती हौस कुणाची आणि खर्च कुणाचा, हे मंडळाच्या बैठकीत विचारायला हवं. प्रवासखर्च आणि जेवण ही अंदाजपत्रकातली पहिली ओळ असू शकते.

नावाचंही तसंच. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषेला स्वतंत्र बक्षिसं असतात. गावच्या पत्रिकेत मात्र देणगीदारांची नावं अर्धं पान व्यापतात आणि शेवटी येतं "इतर सहकारी". हे 'इतर' पाच-सहाच असतात. नावं बसतात.

कारण यातल्या काहींना पुढे हेच करायचं असतं. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात अभिनयाप्रमाणे नेपथ्य-प्रकाशासारख्या तांत्रिक बाजूंचंही विशेष शिक्षण मिळतं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स हे महाराष्ट्रातले पर्याय. तिथे प्रवेशासाठी मुलाखत देताना "तीन वर्षं गावच्या नाटकाचे दिवे केले" हे सांगता येतं, दाखवायला संहितेची ती पेन्सिलीच्या खुणांची प्रत असली तर जास्त चांगलं. म्हणून प्रयोगानंतर ती रद्दीत टाकू नये.

प्रयोग संपल्यावर

पडदा पडला की कलाकार फोटोंत अडकतात आणि मागच्या पोरांचा तिसरा अंक सुरू होतो. दिवे थंड झाल्यावरच उतरवायचे, कारण हॅलोजनच्या डब्यानं हात भाजतो. वायरी कोपरावर न गुंडाळता वेटोळं करून ठेवायच्या, नाहीतर आत तुटतात. पाटलांच्या घरून आणलेली आरामखुर्ची, शाळेतला फळा, कुणाच्या आजीचं पितळी तपेलं, शेजारच्या काकूंची पैठणी, प्रत्येक वस्तू कुणाकडून आणली याची यादी असली तर ती त्याच रात्री तपासली जाते. नसली तर पुढचे दोन आठवडे गावात तपेल्याची चौकशी चालू राहते, आणि पुढच्या मे महिन्यात आजी काही द्यायला तयार होत नाहीत.